आर्किटेक्चर जुळत नसेल, तर ‘फोर्स’ हा उपाय नव्हे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील संगणकविषयक सदरात गेल्या महिन्यात जुन्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालण्याविषयी एक मार्गदर्शनपर लेख प्रसिद्ध झाला. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून बडोद्यातील कितीतरी मराठी घरांत, शिकवणी-वर्गांत आणि छोट्या संस्थांत धडधाकट संगणक केवळ ‘कालबाह्य’ ठरल्यामुळे धूळ खात पडले आहेत. त्यांना पुन्हा कामाला लावण्याचा मार्ग मराठीत कोणी सांगावा, ही आनंदाचीच गोष्ट आहे आणि लेखाचा बराचसा भाग नीटही आहे. मात्र ‘पॅकेजचे (म्हणजे बसवायच्या प्रोग्रामच्या फाईलचे) आर्किटेक्चर (म्हणजे तो प्रोसेसरच्या कोणत्या जातीसाठी बांधला आहे ते) सिस्टिमशी जुळत नाही’ अशा अर्थाचा संदेश आल्यास काय करावे, हे सांगणाऱ्या परिच्छेदात दोन चुका आशयाच्या आहेत आणि एक छपाईची आहे. आमच्या वाचनालयातील एका तरुण कार्यकर्त्याने लेख समोर ठेवून शब्दशः तसेच केले आणि ते निस्तरण्यात आमचे चार दिवस गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालो असून दांडिया बाजार भागातील एका लहान मराठी वाचनालयाची संगणकाची कामे हौसेने पाहतो. एका सभासदांनी त्यांच्या कचेरीतून निघालेले तीन संगणक वाचनालयाला दिले. त्यांतल्या दोहोंवर आम्ही डेबियन १३ (लिनक्सचे एक वितरण, म्हणजे तयार संच) घातले आणि एकाला जुना लेसर प्रिंटर जोडला. प्रिंटरच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) दिलेला आहे, पण तो फक्त आय३८६ या ३२-बिट आर्किटेक्चरसाठी, आणि आमच्या संगणकावरील डेबियन एएमडी६४ या ६४-बिट आर्किटेक्चरचे. इन्स्टॉल करताना सिस्टिमने स्पष्ट नकार दिला: पॅकेजचे आर्किटेक्चर आय३८६, सिस्टिमचे एएमडी६४, दोन्ही जुळत नाहीत. लेखात अशा वेळी पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजी या आज्ञेला ‘--फोर्स-आर्किटेक्चर’ हा पर्याय जोडण्यास सांगितले होते. आमच्या कार्यकर्त्याने तो जोडला, पॅकेज बिनतक्रार बसले, प्रिंटर यादीत दिसू लागला, आणि सर्वांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्गणीच्या पावत्या छापायला घेतल्या, तेव्हा प्रिंटरचा दिवासुद्धा लुकलुकला नाही. रांगेत काम पडलेले आणि त्याच्यापुढे ‘फिल्टर फेल्ड’ एवढेच दोन शब्द. छपाईची व्यवस्था पाहणाऱ्या कप्स या प्रणालीची नोंदवही उघडली, तर तीत कंपनीच्या फिल्टर-प्रोग्रामचा (मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या ड्रायव्हरच्या भागाचा) पूर्ण पत्ता देऊन ‘अशी फाईल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही’ असे लिहिलेले. त्या पत्त्यावर जाऊन यादी मागवली, तर फाईल तिथेच होती. नाव तेच, आकार शून्य नाही, चालवण्याची परवानगी दिलेली. टर्मिनलमध्ये तिचे नाव टंकून ती हाताने चालवून पाहिली, तरी उत्तर तेच: अशी फाईल नाही. डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूबद्दल यंत्र ‘नाही’ म्हणते, तेव्हा माणसाचा स्वतःच्या चष्म्यावरचा विश्वास उडतो.

यात यंत्र खोटे बोलत नाही, फक्त ते कोणत्या फाईलबद्दल बोलत आहे हे सांगत नाही. लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम एकटे चालत नाहीत. त्यांना लागणाऱ्या लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ते तयार भाग) स्मृतीत आणून जोडून देणारा एक लहान साहाय्यक प्रोग्राम असतो, त्याला लोडर म्हणतात, आणि आपल्याला कोणता लोडर हवा, त्याचा पत्ता प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात लिहिलेला असतो. एएमडी६४ च्या प्रोग्रामचा लोडर ‘लिब६४’ या फोल्डरात असतो, तर आय३८६ चा प्रोग्राम ‘एलडी-लिनक्स.एसओ.२’ या नावाचा वेगळा लोडर ‘लिब’मध्ये शोधतो. निव्वळ ६४-बिट सिस्टिमवर हा दुसरा लोडर नसतोच. म्हणजे ‘अशी फाईल नाही’ हे वाक्य ड्रायव्हरविषयी नसून त्याच्या लोडरविषयी असते. ‘फाईल’ नावाचीच एक साधी आज्ञा आहे. ती त्या फिल्टरवर चालवली, तेव्हा ‘३२-बिट, इंटेल ८०३८६’ असे उत्तर तत्काळ मिळाले आणि सगळा उलगडा झाला.

येथे ‘फोर्स’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. त्या पर्यायाने संगणकाची कोणतीही क्षमता वाढत नाही. पॅकेज-व्यवस्थापकाने घेतलेली हरकत तेवढी नोंदीतून खोडली जाते. आमच्या ड्रायव्हरच्या पॅकेजमध्ये कंपनीने ‘मला अमुक लायब्ररी लागतात’ ही यादीच दिलेली नव्हती, त्यामुळे ते निमूटपणे बसले आणि दोष प्रत्यक्ष कामात उघडा पडला. ज्या पॅकेजमध्ये अशी यादी दिलेली असते, ते जबरदस्तीने बसवल्यास निराळाच त्रास होतो. ॲप्टला (भांडारातून पॅकेजे आणून बसवणाऱ्या डेबियनच्या प्रोग्रामला) त्या यादीतील आय३८६ च्या लायब्ररी कोठेच सापडत नाहीत, अवलंबने अपूर्ण राहतात आणि पुढे साधा फाँट बसवायला गेले तरी ॲप्ट आधी तो घोळ मिटवा म्हणून अडून बसते. घोळ मिटवण्याची आज्ञा दिली, तर जबरदस्तीने बसवलेले पॅकेज ते काढून टाकू पाहते, आणि ते रास्तच आहे.

आता दुसरी चूक. ‘आपला प्रोसेसर इंटेलचा असल्यास आय३८६ चे आणि एएमडीचा असल्यास एएमडी६४ चे पॅकेज घ्यावे’ असे लेखात म्हटले आहे. हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की लेखकाला दोष देववत नाही, पण तो गैरसमजच आहे. आय३८६ हे नाव इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या ३२-बिट प्रोसेसरवरून पडले. त्याच आज्ञासंचाची ६४-बिट वाढ मात्र इंटेलने नव्हे, तर एएमडीने आखली आणि २००३ मध्ये ऑप्टेरॉन या प्रोसेसरच्या रूपाने बाजारात आणली. पुढच्याच वर्षी इंटेलनेही तिच्याशी जुळणारे प्रोसेसर काढले. डेबियनने ज्याने आखले त्याचे नाव ठेवले, म्हणून आज इंटेलच्या कोअर मालिकेतील संगणकावरही एएमडी६४ हेच पॅकेज बसते. फेडोरा आणि तिच्या कुळातील वितरणे त्याच आर्किटेक्चरला एक्स८६_६४ म्हणतात. नावे दोन असली, तरी वस्तू एकच. गंमत म्हणजे ज्या ८०३८६ वरून आय३८६ हे नाव आले, त्या प्रोसेसरचा आधार लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे गाभ्याने, २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीतच काढून टाकला. पेठेचे नाव राहावे आणि पेठ उठून जावी, तसे हे नाव आता उरले आहे.

या चुकीच्या सल्ल्याचा परिणाम असा होतो की इंटेलचा प्रोसेसर पाहून माणूस आय३८६ ची फाईल उतरवतो, ती ६४-बिट सिस्टिमवर बसत नाही, मग तो लेखातला पुढचा सल्ला वाचतो आणि जबरदस्ती करतो. ज्या पॅकेजची एएमडी६४ आवृत्ती शेजारच्याच ओळीत उपलब्ध होती, त्याच्यासाठीही एवढे उपद्व्याप होतात. पॅकेजच्या फाईलच्या नावाचा शेवटचा तुकडा पाहणे आणि ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ ही आज्ञा देऊन आपली सिस्टिम स्वतःला काय म्हणवते ते पाहणे, या दोन गोष्टींत बहुतेक प्रकरणे संपतात. (आज्ञा मी येथे देवनागरीत लिहीत आहे. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.)

आमच्याप्रमाणे खरोखरच फक्त आय३८६ चे पॅकेज उपलब्ध असेल, तर डेबियनमध्ये त्यासाठी सरळ, सनदशीर मार्ग आहे. त्याला मल्टिआर्क म्हणतात आणि तो मे २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून रुळला आहे. प्रथम ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६’ ही आज्ञा देऊन सिस्टिमला दुसऱ्या आर्किटेक्चरची ओळख करून द्यायची, मग ‘ॲप्ट अपडेट’ने त्या आर्किटेक्चरच्या पॅकेजांच्या याद्या मागवायच्या, आणि त्यानंतर हवी ती लायब्ररी नावापुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि आय३८६ असे लिहून इन्स्टॉल करायची. आम्ही जबरदस्तीने बसवलेला ड्रायव्हर काढला, ही ओळख करून दिली, ‘लिबसी६:आय३८६’ बसवले (हवा असलेला लोडर याच पॅकेजमध्ये येतो), सी++ ची ३२-बिट लायब्ररी बसवली आणि मग तोच ड्रायव्हर पुन्हा बसवला. या खेपेस सिस्टिमने कोणतीही हरकत घेतली नाही. ‘फोर्स’ची गरजच उरली नव्हती. पावती क्रमांक एक थोडी तिरकी छापली गेली, पण तो कागदाच्या ट्रेचा दोष होता.

मल्टिआर्कच्या आधी याच कामासाठी ‘आयए३२-लिब्ज’ नावाचे एक अवजड गाठोडे असे. त्यात नाना प्रकारच्या ३२-बिट लायब्ररी एकत्र कोंबलेल्या असत, आणि एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची दुरुस्ती झाली की अख्खे गाठोडे नव्याने बांधावे लागे. मल्टिआर्कने प्रत्येक आर्किटेक्चरच्या लायब्ररींना स्वतंत्र फोल्डर दिले, एकाच्या वाटेचे नाव ‘एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू’, दुसऱ्याच्या ‘आय३८६-लिनक्स-ग्नू’, तिसऱ्याच्या ‘एआर्च६४-लिनक्स-ग्नू’, त्यामुळे एकाच लायब्ररीच्या दोन जाती एकमेकींवर न पडता एकाच डिस्कवर नांदू शकतात.

तरीही एक सावधगिरी लेखात असायला हवी होती. एकाच लायब्ररीच्या दोन आर्किटेक्चरांच्या प्रती एका सिस्टिमवर ठेवायच्या, तर त्यांचा आवृत्ती-क्रमांक तंतोतंत एकच असावा लागतो, कारण त्यांच्यातल्या काही फाइली सामाईक असतात. बाहेरच्या एखाद्या भांडारातून एका आर्किटेक्चरची नवी आवृत्ती घेतलेली असेल आणि दुसरीची तशी मिळत नसेल, तर ॲप्ट तोडगा म्हणून जुन्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवून ‘ही काढून टाकू का?’ असे विचारते. त्या यादीत कधी कधी संपूर्ण डेस्कटॉप असतो. घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ दिसते. काढावयाच्या पॅकेजांची यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये, हे वाक्य ठळक अक्षरांत छापण्याच्या योग्यतेचे आहे.

मल्टिआर्क म्हणजे सर्व काही सर्वत्र चालेल, असाही समज होऊ नये. मी रेल्वेचा माणूस असल्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर रूळच येतात. गायकवाडांच्या राज्यात मियागाम ते डभोई ही अडीच फुटी छोटी लाइन १८६२ मध्ये पडली, तेव्हा गाडी ओढायला बैल होते. मुंबईकडून येणारी मोठी लाइन साडेपाच फुटांची. मियागामला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसलेले प्रवासी अजून आपल्यात आहेत. मोठ्या लाइनीची वाघीण (मालडबा) छोट्या रुळांवर ढकलली, तर ती चालत नाही, घसरते. ‘फोर्स’ने नेमके हेच केले. एएमडी६४ च्या प्रोसेसरांत मात्र आखणाऱ्यांनी जुने ३२-बिट आज्ञासंच चालवण्याची सोय मुद्दाम राखली आहे, म्हणजे एकाच वाटेत दोन्ही रुंदीचे रूळ आधीच टाकलेले आहेत, आणि मल्टिआर्क फक्त त्या दुसऱ्या रुंदीचे फलाट बांधून देते. त्याच संगणकाला एआरएम६४ हे आर्किटेक्चर जोडले, तर ॲप्ट तेही मुकाट्याने जोडून घेईल आणि पॅकेजेही उतरवेल. पण प्रोग्राम चालवू गेल्यास ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ हे उत्तर मिळेल, कारण फलाट बांधला तरी त्या रुंदीचा रूळ त्या प्रोसेसरात नाही.

तेथे उरतो तो माल उतरवून पुन्हा चढवण्याचा मार्ग. क्यूएमू हा प्रोग्राम एका प्रोसेसरच्या आज्ञांचे दुसऱ्याच्या आज्ञांत चालता चालता भाषांतर करतो, आणि कर्नलमधील ‘बिनएफएमटी-मिस्क’ ही सोय परकी फाईल ओळखून ती आपोआप क्यूएमूच्या हवाली करते. काम होते, पण वेग पुष्कळ कमी होतो. एखादे पॅकेज तयार करून तपासण्यापुरते ते उत्तम, रोजच्या कामाला नाही.

आमच्या वाचनालयात हा प्रश्नही उभा राहिला, कारण ग्रंथसूची पाहण्यासाठी दाराशी एक रास्पबेरी पाय ठेवला आहे. हा तळहाताएवढा संगणक एआरएम जातीच्या प्रोसेसरवर चालतो. त्याने आम्हाला आणखी एक धडा दिला. ‘युनेम -एम’ या आज्ञेने त्याने स्वतःला एआर्च६४, म्हणजे ६४-बिट म्हणवले, म्हणून आम्ही सूचीच्या प्रोग्रामचे एआरएम६४ पॅकेज उतरवले, तर डीपीकेजीने ते नाकारले. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, आर्मएचएफ, म्हणजे ३२-बिट. दोघीही खऱ्या होत्या. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२-बिट आवृत्तीत पाय ४ सारख्या मॉडेलांवर कर्नल ६४-बिटचा चालतो आणि वरचा सगळा संसार मात्र ३२-बिटचाच असतो. ‘युनेम’ कर्नलबद्दल सांगते, डीपीकेजी संसाराबद्दल, आणि पॅकेज निवडताना ऐकायचे ते डीपीकेजीचे. कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची ६४-बिट आवृत्ती, जी फेब्रुवारी २०२२ पासून अधिकृतपणे मिळते, नव्याने घातल्यावर दोघींचे एकमत झाले.

प्रिंटरचा ड्रायव्हर तर एआरएमसाठी नाहीच. येथे आम्ही क्यूएमूच्या वाटेला गेलो नाही. प्रिंटर एएमडी६४ संगणकालाच जोडलेला ठेवून कप्समधून तो वाचनालयाच्या जाळ्यावर सामाईक केला. पाय आता छापायचा मजकूर त्या संगणकाकडे पाठवतो, तेथील ३२-बिट फिल्टर त्याचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करतो, आणि पायला कंपनीच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. ज्या संस्थांकडे असे जुने प्रिंटर आहेत, त्यांना हा मार्ग मी आग्रहाने सुचवीन. त्यासाठी एक जुना संगणक दिवसभर चालू ठेवावा लागतो, एवढीच अडचण.

या सर्व प्रकारात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, तिच्यावर लेखात काहीच नव्हते. डेबियनच्या स्वतःच्या भांडारातील पॅकेजांबाबत आम्हाला एकदाही त्रास झाला नाही. तेथे मूळ संहिता (सोर्स कोड) एकच असते आणि तिच्यापासून प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगळे पॅकेज बांधले जाते. डेबियन १३ मध्ये तर रिस्क-व्ही या आर्किटेक्चरचाही प्रथमच अधिकृत समावेश झाला. ज्या पॅकेजांत प्रोसेसरसाठीच्या आज्ञाच नसतात, म्हणजे फाँट, शब्दसूची, दस्तऐवज, त्यांवर आर्किटेक्चरच्या जागी नुसते ‘ऑल’ लिहिलेले असते. लोहित देवनागरी फाँटचे पॅकेज तसेच आहे. जुन्या मराठी अंकांची छायाचित्रे वाचून त्यांचा मजकूर करण्यासाठी आम्ही टेसरॅक्ट वापरतो. तो प्रोग्राम प्रत्येक आर्किटेक्चरचा वेगळा, पण त्याला मराठी शिकवणारे पॅकेज सर्वांना एकच. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानात गावोगाव फिरणाऱ्या वाचनालयाच्या पेट्यांसारखे ते आहे. कोणत्याही गावी उघडावे. अडचण येते ती संहिता बंद ठेवून फक्त तयार प्रोग्राम देणाऱ्या कंपन्यांच्या पॅकेजांची. त्यांनी दहा वर्षांपूर्वी एका आर्किटेक्चरसाठी एकदा बांधून दिले की वापरणाऱ्याला ते स्वतः दुसऱ्यासाठी बांधून घेता येत नाही.

या बंद पॅकेजांच्या पायाखालची वाळू आता सरकत आहे, हेही वाचकांना कळायला हवे. गूगलने ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम देणे मार्च २०१६ मध्येच थांबवले, आणि मोझिलाने फायरफॉक्सच्या १४४ व्या आवृत्तीनंतर तेच केले. उबंटू या दुसऱ्या वितरणाने जून २०१९ मध्ये आय३८६ ची सगळीच पॅकेजे बंद करण्याचे जाहीर केले होते. वाइनसारख्या प्रोग्रामांतून जुनी विंडोज-सॉफ्टवेअरे चालवणाऱ्यांनी आणि खेळ खेळणाऱ्यांनी गिल्ला केल्यावर काही निवडक पॅकेजे ठेवण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ६४-बिट संगणकावर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतेच ते आर्किटेक्चर आता उरले आहे. ३२-बिट काळमापनाची (सेकंद मोजणाऱ्या ३२-बिट आकड्याची) मुदत १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. डेबियनने इतर ३२-बिट आर्किटेक्चरांचे काळमापन त्यासाठी ६४-बिटवर नेले, पण आय३८६ ला मुद्दाम वगळले, कारण ते बदलले तर ज्यांच्यासाठी ते ठेवले आहे ते जुने बंद प्रोग्रामच चालणार नाहीत.

म्हणून लेखातील ‘जुना संगणक म्हणजे ३२-बिट लिनक्स’ हे समीकरणही मला पटले नाही. आमच्या तिसऱ्या संगणकावर कोणीतरी पूर्वी ३२-बिट लिनक्स घातलेले होते, म्हणून सर्वांनी त्याला ३२-बिट समजून बाजूला ठेवले होते. ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिल्यावर दुसऱ्याच ओळीत ‘३२-बिट, ६४-बिट’ असे दोन्ही प्रकार दिसले. त्यावर एएमडी६४ चे डेबियन नव्याने घातले आणि तो आता बालविभागात आहे. जागच्या जागी आय३८६ चे एएमडी६४ करण्याचे प्रयोग काही जण करतात, पण आपल्यासारख्यांनी फाइली बाजूला काढून नवे इन्स्टॉलेशन करणे हेच बरे. खरोखर फक्त ३२-बिट असलेले संगणकही आहेत, उदाहरणार्थ २००८ च्या सुमाराचे ॲटम एन२७० चे नेटबुक. ते दान देऊ इच्छिणाऱ्या सज्जनांना नम्रपणे नकार द्यावा, हे माझे मत थोडे कठोर वाटेल, पण दान घेतलेल्या यंत्रामागे स्वयंसेवकाच्या संध्याकाळी जातात.

आपल्या शहरातील ज्या संस्था संगणक, प्रिंटर किंवा हजेरीची यंत्रे विकत घेत आहेत, त्यांना यानिमित्ताने एक विनंती आहे. कोटेशनमध्ये ‘लिनक्सवर चालते’ एवढेच लिहून घेऊ नये. कोणत्या आर्किटेक्चरवर चालते, हे लिहून घ्यावे, आणि एएमडी६४ व एआरएम६४ या दोहोंची पॅकेजे मिळत नसतील तर तसे बिलावर नोंदवून घ्यावे. आमच्या प्रिंटरच्या खोक्यावर पेंग्विनचे चित्र होते आणि दुकानदाराने तेच दाखवून आम्हाला तो दिला होता. आय३८६ हा शब्द खोक्यावर कोठेही नव्हता. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे भारतात घडवलेले प्रोसेसर रिस्क-व्ही जातीचे आहेत. उद्या त्यांवर चालणारे संगणक संस्थांत आले, तर आजचा बंद ड्रायव्हर त्यांनाही निरुपयोगीच ठरेल.

शेवटी छपाईच्या चुकीविषयी. लेखात दिलेल्या आज्ञांमध्ये जेथे दोन लहान आडव्या रेघा लागोपाठ हव्या होत्या, तेथे आपल्या अक्षरजुळणीने त्या जोडून एकच लांब रेघ छापली आहे. ती रेघ तशीच टंकली असता संगणक आज्ञा ओळखत नाही. आमच्या कार्यकर्त्याने ‘फोर्स’ची आज्ञा त्यामुळे पहिल्या तीन खेपांना चुकवली होती, आणि खरे सांगायचे तर चौथ्या खेपेसही चुकली असती तर आमचे चार दिवस वाचले असते. तथापि ‘--ॲड-आर्किटेक्चर’ ही योग्य आज्ञाही त्याच धाटणीची आहे. येत्या रविवारच्या अंकात शुद्धिपत्र द्याल, तेव्हा ती रोमन लिपीत, दोन्ही रेघा सुट्या ठेवून आणि ओळीच्या शेवटी पूर्णविराम न देता छापावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदे